परतीचे अंडे

रंग ही ईश्वराने माणसाला दिलेली उदार देणगी आहे, असे मी कित्येक वर्षे प्रवचनांतून सांगत आलो. कबुतराच्या मानेवरची झाक, देवळाच्या खिडकीतली निळी काच, एप्रिलातली गव्हाची कोवळी शेते, असे दाखले मी देत असे. एकोणीसशे चव्वेचाळीसच्या मार्चनंतर हे दाखले मी देणे सोडले. त्या महिन्यात आमच्या विमानतळावर रंगीत फिल्मची खोकी उतरली आणि त्यांतून जे निपजले त्याची शिसारी अद्याप माझ्या जिभेवर आहे.

महायुद्ध चालू होते आणि आमचा हवाई तळ इंग्लंडात, लिंकनशरमध्ये, बीटच्या शेतांच्या मधोमध होता. मी तिथला पाद्री. प्रार्थना म्हणणे, दफन करणे आणि घरच्यांचे सांत्वन करणे ही माझी नेमलेली कामे. परंतु ज्या कामामुळे विमानांवरची तरुण मुले मला आपला मानीत ते निराळेच होते. बाँबफेकीहून परतलेली मुले ज्या खोलीत वृत्तांत सांगायला येत, तिच्या दाराशी मी मोठी किटली घेऊन उभा राहत असे. प्रत्येकाच्या मगात चहा ओतायचा आणि वर रमची धार सोडायची. त्या वेळी कोणी बोलत नसे. चहाचा मग घेताना थंडीने बधिर झालेली बोटे माझ्या बोटांना लागत, एवढीच आमची उपासना. देवळातल्या उपासनेहून ती मला उणी वाटली नाही.

तळावर काही नियम असे होते की जे कोणी लिहिले नव्हते आणि कोणी मोडतही नव्हते. उड्डाणापूर्वी ‘परत आल्यावर’ हे शब्द उच्चारायचे नाहीत. निरोप घ्यायचा नाही. आणि परतणाऱ्याला जे तळलेले अंडे मिळे, त्याला परतण्याआधी कोणी हात लावायचा नाही. साऱ्या देशाला तेव्हा माणशी आठवड्याला एक अंडे मिळत होते, तेही मिळाले तर. त्यामुळे त्या अंड्याला आमच्याकडे प्रसादाचे मोल होते. त्याविषयी एकच विनोद मान्य होता आणि तो रोज होई.

“तू नाही आलास तर तुझं अंडं माझं हां.”

“घे की मेल्या. जळकी कड तेवढी माझ्या नावानं कुत्र्याला घाल.”

अशा ठिकाणी लंडनहून श्री. लायोनेल प्रिडो आले. उंटाच्या रंगाचा कोट, गळ्यात पिवळा रेशमी रुमाल, बोलणे लोण्यासारखे मऊ. तळावर चित्रपट काढण्याचा सरकारचा हुकूम त्यांच्याजवळ होता आणि सोन्याच्या तोलाची अमेरिकी रंगीत फिल्म होती. पहिले काही दिवस त्यांनी विमाने टिपली, इंजिनांवर चढलेले मेकॅनिक टिपले, बाँबांच्या गाड्या ओढणारे ट्रॅक्टर टिपले. त्यात वावगे काहीच नव्हते. मुलांचे चेहरे कोणी जपून ठेवतो आहे, याचे मला बरेच वाटले होते.

मुख्य पात्रे म्हणून त्यांनी गारसाइड नावाच्या वैमानिकाची सात जणांची तुकडी निवडली. त्यांच्या लँकेस्टर जातीच्या बाँबफेकी विमानाच्या नाकावर कपडे पिळणारी एक जाडजूड बाई रंगवलेली होती, म्हणून विमानाचे नाव ‘धोबीण’. बाईच्या शेजारी प्रत्येक मोहिमेमागे एक, असे छोटे पिवळे बाँब काढलेले असत. शेपटीकडचा तोफची बर्टी रेस्ट्रिक हा हडर्सफील्डच्या लोकरगिरणीत काम करणाऱ्या विधवेचा एकुलता एक मुलगा. अंगाने काडी, कानाने मात्र भरघोस. प्रिडोंना तो फार आवडला. “हे कान रंगीत फिल्मसाठीच घडवलेत,” असे ते म्हणत. उन्हात ते कान गुलाबी दिसत.

मग त्यांना परतीचा प्रसंग हवा झाला, आणि तिथेच घोडे अडले. मुले परतत ती काळोखात, आणि रंगीत फिल्मला भरपूर ऊन लागते. त्यांनी तळाच्या प्रमुखांकडे उपाय मांडला तेव्हा मी तिथेच होतो.

“उद्या दुपारी घेऊन टाकू,” प्रिडो म्हणाले. “ऊन चांगलं पडणारंय म्हणे. नंतर ते पहाटेचं भासवता येतं.”

“उद्या दुपारी कुठून परतणार आहेत ती?” मी विचारले.

“कुठूनच नाही. रात्री जायचेत ना? त्याच्या आधी घेऊ. चेहरे ताजे असतात.”

प्रमुख खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना हा नियम माझ्याइतकाच ठाऊक होता. अखेर म्हणाले, “वरून हुकूम आहे, पाद्रीबाबा. माझा इलाज नाही.”

“साहेब, ही मुलं परतीचं नाव काढत नाहीत. तिचं सोंग तुम्ही त्यांच्याकडून आधीच करवून घेणार?”

प्रिडो हसले. “कमाल आहे! पाद्री असून शकुन-अपशकुन मानता तुम्ही?”

“माझ्या धर्मात मेलेला उठतो, साहेब. पण आदल्या दिवशी त्याची रंगीत तालीम घेत नाहीत.”

“वा! हे वाक्य लिहून ठेवायला हवं. बरं, चहा तुम्हीच ओतणार ना? तुमची मुद्रा छान आहे. जरा खंगलेली.”

“मी ओतणार नाही.”

“हरकत नाही,” ते तितक्याच मऊपणे म्हणाले. “तुमच्यावाचून अडणार नाही.”

ते खरेच होते. दुसऱ्या दिवशी मी धावपट्टीकडे गेलो, तो ‘धोबीण’पाशी चौकात डोंबाऱ्याभोवती जमावी तशी गर्दी. परतलेल्या विमानावर एक बाँब अधिक दिसायला हवा, म्हणून मेकॅनिककडून त्या रात्रीच्या मोहिमेचा बाँब आधीच रंगवून घेतला होता. रंग ओला होता. मेकॅनिक ब्रश पुसत होता. मला पाहून त्याने पाठ फिरवली. मुलांच्या तोंडांना व्हॅसलीनमध्ये कालवलेली काजळी फासली होती. प्राणवायूच्या मुखवट्याने नाकागालांवर जो वळ उठतो, तो एक मदतनीस भुवयांच्या पेन्सिलीने काढत होता. दुसरा त्यांच्या कपाळावर पिचकारीने घामाचे थेंब उडवत होता. ज्या खुणा माणसाच्या देहावर भीतीने आणि थंडीने उमटतात, ज्या मी दाराशी उभा राहून नतमस्तक होऊन पाहिल्या होत्या, त्या तिथे डबीतून बाहेर निघत होत्या.

आणि विमानाच्या पंखाखाली, किटली हातात घेऊन, माझीच जादाची पांढरी कॉलर गळ्यात अडकवून, आमचा जाडा स्वयंपाकी कॉर्पोरल स्पॉफर्थ उभा होता. कॉलर मागे बंद होईना, म्हणून सुतळीने बांधली होती.

“पाद्रीबाबा, रागावू नका हां,” तो ओशाळून म्हणाला. “मला म्हणाले उभा राहा, मी राहिलो.”

“ए, पापं सांगायचीयत का कुणाला?” बर्टी ओरडला. “रांग लावा! काल स्पॉफर्थनं कोबी उकडला, ते पाप आधी घ्या!”

मुले हसली. त्यांचे हसणे चांगले निघाले म्हणून प्रिडोंनी तेही टिपले.

सातही जण शिडीवरून उतरले. पुन्हा चढले, पुन्हा उतरले. “आणखी एकदा. जरा जास्त दमलेले दिसा. पण आनंदी.”

“दमलेले का आनंदी, साहेब?” बर्टीने विचारले. “एक काय ते ठरवा.”

त्यानंतर जेवणघरातले टेबल बाहेर भिंतीशी उन्हात ओढून आणले गेले, कारण आत उजेड पुरत नव्हता. टेबलावर सात बश्या, आणि प्रत्येक बशीत तळलेले अंडे. गारसाइड काही क्षण बशीकडे पाहत बसला. मग कोणाकडे न पाहता त्याने सुरी उचलली, आणि बाकीच्यांनीही उचलली.

बर्टी पांढरा भाग कडेकडेने कापून खाऊ लागला, तोच प्रिडो धावत आले. “नाही, नाही! पिवळं फोड. आधी पिवळं. ते बशीभर वाहायला हवं. अरे, रंगासाठीच तर आलोय आपण!”

“मी पिवळं शेवटी खातो, साहेब. अख्खं, एका घासात. लहानपणापासून.”

“आज आधी खा.”

त्याने फोडले. ते वाहिले. प्रिडोंना ते पुरेसे वाहिलेले वाटले नाही, म्हणून दुसरे आले. मग मध्ये ढग आला, म्हणून आणखी एक. गार झालेली अंडी बश्यांवर चरबीसकट थिजून मेणचट होत आणि ती काढून बादलीत ओतली जात. जेवणघरातल्या मुली दारात उभ्या राहून त्या बादलीकडे पाहत होत्या. मीही पाहिले. पिवळ्या-पांढऱ्याचा तो गिळगिळीत लगदा, त्यात विझवलेली एक सिगारेट, आणि वरून प्रिडोंचा प्रसन्न आवाज, “सुंदर! सुंदर! आणखी एकदा.” मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारे असतात, असे ऐकले होते. त्यांचे हात इतके स्वच्छ असतील अशी कल्पना नव्हती.

चौथ्या अंड्यानंतर बर्टी उठला, भिंतीमागे गेला आणि भडाभडा ओकला. गारसाइडने त्याची पाठ धरली. डोळे पुसत परत आल्यावर बर्टी म्हणाला, “चला, परतीचं अंडं खाऊन झालं. आता जायचं कारणच उरलं नाही.”

या वेळी कोणी हसले नाही. प्रिडो फिल्मचा डबा बदलत होते, त्यामुळे ते टिपलेही गेले नाही.

त्या रात्री ती सात मुले गेली. मी किटली घेऊन दाराशी होतो. इतर विमाने आली. ‘धोबीण’ आली नाही.

मी लंडनला प्रिडोंना टेलिफोन केला. बातमी त्यांना सांगितली.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले, आणि त्यांच्याविषयी मला क्षणभर आशा वाटली. “पण पाद्रीबाबा, ते चित्रण अप्रतिम उतरलंय.”

“ते वापरू नका. एवढीच विनंती आहे.”

“परतीचं रंगीत चित्रण तेवढंच आहे माझ्याकडे. आणि लोकांना परतलेली मुलं बघायचीत हो. गेलेली काय, घरोघरी आहेत.”

मी टेलिफोन ठेवला आणि हात धुतले. का धुतले, ते मलाही सांगता येणार नाही.

शरद ऋतूत तो चित्रपट गावोगाव लागला. नोव्हेंबरच्या आरंभी हडर्सफील्डच्या एका लहान प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक मला भेटायला आले. येत्या रविवारी गावातल्या मृतांची नावे वाचायची होती. बर्टीची आई हेस्टर रेस्ट्रिक आपल्या मुलाचे नाव वाचू देत नव्हती.

“मुलगा मेला असं समजावं, हे सरकारनं कळवलंय,” ते म्हणाले. “त्याच आठवड्यात गावात तो सिनेमा आला. तारेत ज्या मोहिमेत हरवला म्हटलं होतं, तीच मोहीम, जर्मनीतलं तेच शहर. आणि सिनेमात पोरगा उतरतोय, चहा पितोय, अंडं खातोय. ती म्हणते, तार चुकली. आला होता तो, नंतर कुठं तरी अडकलाय. रोज गिरणी सुटली की तिकीट काढून बघायला जाते. लोक हसतात तिला. म्हणतात, हेस्टरबाई पोराला भेटायला निघाली. आम्ही सांगून थकलो. तुम्ही तिथलेच आहात. तुमचं ऐकेल.”

त्या घरी जाण्याआधी मी दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. तिने काय पाहिले ते मला ठाऊक असणे भाग होते. चित्रपट सुंदर होता. हेच सर्वांत असह्य होते. आकाश निळेशार, विमानाचे पोट काळे तुळतुळीत, बर्टीचे कान उन्हात पाकळ्यांसारखे. निवेदकाचा भारदस्त आवाज म्हणाला, “आणि पहाटे आमची सारी मुले सुखरूप घरी परतली.” स्पॉफर्थ किटली कलती करून करुणेने मान हलवत होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यामागची बाई शेजारणीला म्हणाली, “पाहिलंस? अख्खी अंडी मिळतात त्यांना. आपल्या नशिबी मेली ती अंड्याची पावडर.” पडद्यावर पिवळे बशीभर वाहत होते. मला त्या बादलीचा वास आला आणि मी रुमाल तोंडाशी धरला. शेजारच्या गृहस्थांना वाटले मी रडतो आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटले.

हेस्टरबाईंचे घर गिरणीच्या मागच्या चढावर होते. दार त्यांनीच उघडले. ठेंगणी, ताठ बाई, केसांत लोकरीचे तंतू. गळ्यातली कॉलर पाहून त्यांनी मला आत घेतले. चेहरा मात्र आक्रसला.

“मंदिरवाल्यांनी पाठवलं ना? सांगा त्यांना, नाव वाचायचं नाही.”

“मी बर्टीच्या तळावरचा पाद्री आहे, बाई.”

त्यांनी मला खालून वर न्याहाळले. “नाही. त्या पाद्रीबाबांना मी ओळखते. जाडे आहेत, हनुवटीला खळी आहे. बर्टीच्या मगात चहा ओततात. तुम्ही ते नव्हे.”

“तो आमचा स्वयंपाकी होता. कॉर्पोरल स्पॉफर्थ. गळ्यात कॉलर माझी होती.”

“खोटं!” त्या ओरडल्या. “पांढरी कॉलर घालून एका आईशी खोटं बोलायला लाज नाही वाटत? निघा. आधी निघा!”

मी टोपी उचलली. दुखावलेल्या माणसाच्या घरात बळेच थांबणे हे सांत्वन नव्हे. दाराची कडी काढली तेवढ्यात मागून आवाज आला. तो वेगळाच होता, खोल गेलेला.

“थांबा. एक विचारते. त्यानं पिवळं आधी का फोडलं?”

मी वळलो.

“तो पिवळं शेवटी खातो. चार वर्षांचा होता तेव्हापासून. अख्खं ठेवतो आणि माझ्याकडे बघत तोंडात टाकतो. पहिल्याच दिवशी खटकलं मला. कुणाला बोलले नाही. रोज जाऊन बघते, वाटतं आज तरी शेवटी खाईल. रोज आधीच फोडतो. का?”

“त्याला तसं सांगितलं होतं, बाई. फिल्म काढणाऱ्यांनी. रंग छान दिसतो म्हणून.”

त्या खुर्चीवर बसल्या.

“कधी काढलं ते?”

“दुपारी. जाण्याआधी.”

“म्हणजे परत आल्यावर नाही.”

“नाही. रात्रभर मी किटली घेऊन दाराशी उभा होतो, तो आला नाही.”

त्यांनी मान हलवली, हळूहळू, एखाद्या अवघड हिशोबाचा ताळा जुळल्यासारखी. मग विचारले, “एवढी अंडी खरोखर खाल्ली त्यानं? सिनेमात एकच दिसतं, पण तोंड भरलेलं दिसतं.”

“चार.”

“चार!” त्यांच्या तोंडून हसू फुटले आणि तिथेच मोडले. “हावरा मेला. दोनापलीकडे पचत नाहीत त्याला. ओकला असेल.”

“ओकला. त्याच्या वैमानिकानं पाठ धरली होती.”

“धरली ना? बरं झालं.”

त्या उठल्या. खिडकीच्या कठड्यावर एक निळा वाडगा होता आणि तो अंड्यांनी भरलेला होता. सिनेमा आल्यापासून दर आठवड्याचे आपल्या वाट्याचे अंडे त्या त्यात ठेवत आल्या होत्या. चुन्याच्या पाण्यात घातली असती तर ती टिकली असती. परंतु मुलगा केव्हाही दारात उभा राहील, मग ताजे नको का, म्हणून घातली नव्हती. जाणत्या गृहिणीची ही चूक तिच्या श्रद्धेची होती.

त्यांनी कप घेतला आणि कपाच्या काठावर एकेक अंडे फोडायला आरंभ केला. वरची दोन चांगली निघाली. तिसरे पाणी होऊन सांडले. चौथे फुटताच हिरवट काळा रस त्यांच्या बोटांवरून ओघळला आणि अशी दुर्गंधी उठली की माझे डोळे भरून आले. त्या थांबल्या नाहीत. शेवटचे टरफल ठेवीपर्यंत थांबल्या नाहीत. मी रुमाल काढला नाही.

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, “हेस्टर! अगं काय कुजलंय तुझ्याकडे?”

“अंडी!” त्या ओरडून म्हणाल्या. “बर्टीची!”

मी खिडकी उघडायला हात पुढे केला, तर त्यांनी माझे मनगट धरले. बोटे ओली आणि थंडगार होती.

“राहू द्या. त्या सिनेमात कसलाच वास येत नाही.” मग म्हणाल्या, “प्रार्थना येते ना तुम्हाला, जी म्हणतात ती? आता म्हणा.”

“रविवारी, मंदिरात—”

“रविवारी ते नाव वाचतील, वाचू द्या. तुम्ही इथं म्हणा. तुम्ही दाराशी उभे होता ना त्याच्यासाठी?”

“उभा होतो.”

“मग म्हणा.”

फरशीवर आम्ही दोघे गुडघे टेकून बसलो. त्या दुर्गंधीत श्वास घेत मी मृतांसाठीची प्रार्थना आरंभापासून म्हटली. त्यात ज्या जागी नाव घ्यायचे असते तिथे मी थांबलो, आणि नाव त्यांनी घेतले.